नाक्यावरचं सागवानी जहाज

वडशात सगळ्यांना ठाऊक आहे की अयूब मिस्त्रीनं जंगलाच्या नाक्यावर गार्डाच्या डोक्यात रंधा हाणला. रक्त किती आलं, ते तुम्ही कोणत्या टपरीवर चहा पिता त्यावर आहे. स्टेशनाकडे वाटीभर, बाजाराकडे तांब्याभर. सांगणारा शेवटी हात झटकतो आणि म्हणतो, "तं मंग! अयूब मिस्त्री होय तो. त्याच्या नादी लागाचं नाई."

खोटं आहे. रंधा पिशवीतून निघाला होता, तेवढं खरं. गार्ड खाली वाकला होता, तेही खरं. पण गार्डाचं डोकं शाबूत आहे आणि त्यावर आजही तितकेच केस आहेत, म्हणजे अकरा-बारा. रंधा कशावर चालला हे सांगायचं तर आधी जहाजाबद्दल सांगावं लागतं. आणि जहाजाबद्दल सांगायचं तर अयूब मिस्त्रीच्या रागाबद्दल.

अयूब शेख, वय एकसष्ट, सुतार. वडशात हिवाळा आला की नाटक कंपन्यांच्या दारावर पाट्या लागतात, गावोगावचे लोक तारखा धरायला येतात. त्या सगळ्या कंपन्यांची सिंहासनं, तोफा आणि तुरुंगाचे गज एकाच अंगणातून जातात, ते मिस्त्रीचं. खिळा वाकडा ठोकला तर त्याला खिळ्याचा राग येतो, ठोकणाऱ्याचा येतो, आणि हातोडी विकणाऱ्याचाही येतो. त्याची बायको हाजरा म्हणते, "इनका गुस्सा नौकरी पे नहीं जाता, इसलिए इतवार को भी छुट्टी नहीं."

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात लोकेश त्याच्या अंगणात आला. लोकेश कंपनीचा मालक. बोलतो असा की मागून कोणी कुत्रं सोडलंय. "मिस्त्री, औंदा जहाज पायजे. इंग्रजाचं. व्यापारी. शिडाचं. पुढून दिसलं म्हनजे झालं. दिवाळीच्या आत."

नाटकाचं नाव 'सातासमुद्रापार सांडलं कुंकू'. गोष्ट अशी की इंग्रज व्यापाऱ्यांचं 'एलिझा ग्रँट' नावाचं जहाज मुंबईहून कापूस भरून चीनला जातं, तिथून चहा घेऊन विलायतेला जातं. अशी बावीस वर्षं. जहाजावरचा सुतार आपल्या झाडीपट्टीतला. त्याची बायको घरी वाट पाहते. शेवटच्या अंकात वादळ, जहाज बुडतं, कुंकू सांडतं. त्याच्या आधी एक लावणी, कारण लावणीशिवाय तारीख मिळत नाही.

नाटक लिहिणाऱ्यानं कुठंतरी वाचलं होतं की इंग्रज लोक मुंबईच्या गोदीत आपल्या सागवानाची जहाजं बांधून घ्यायचे. त्यांच्या विलायती लाकडाचं जहाज बारा-पंधरा वर्षांत कुजायचं, सागवानाचं पन्नास वर्षं पाणी कापायचं. लोकेशनं हे बोलता बोलता सांगितलं. तिथंच तो फसला.

"फ्रेम मारा, कापड ताना, रंगवून टाका," लोकेश म्हणाला.

"कापडाचं काऊन? गोष्ट सागवानाची होय ना?"

"पब्लिकले का समजते, मिस्त्री?"

"मले समजते."

गावातली एक जुनी राइस मिल तेव्हा मोडीत निघाली होती. तिच्या तुळया काळ्या पडलेल्या, पण आत रंधा मारला की सोन्यासारख्या. त्यातून मिस्त्रीनं फळ्या काढल्या. वाफ देऊन वाकवल्या, चुलीवर हाजराचा आंघोळीचा हंडा ठेवून. तीन महिने गल्लीत कोणाला दुपारची झोप मिळाली नाही. लोकेश मधेच पाहायला आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. जहाजाला दोन्ही बाजू होत्या.

"मिस्त्री, मागची बाजू कोन पाहाते? तिकडं पडदा रायते!"

"जहाजाले एकच बाजू रायते का? शंकरपटात तू अर्धा बैल जुपतेस का?"

चौदा फुटांचं जहाज, वर डोलकाठी, तीन शिडं. शिडं हाजरानं शिवली आणि प्रत्येक टाक्याला एक टोमणा घातला: "इतने मांजरपाट में पूरे मोहल्ले के पर्दे हो जाते." जहाजाला ती 'एलिझाबी' म्हणायची. सवतीला म्हणावं तसं.

एलिझाबीचा पहिला हंगाम दणक्यात गेला. सिंदेवाही, मूल, कुरखेडा, ही तिची बंदरं. आपल्याकडे जमीन खोदून लोकांना खाली बसवतात आणि मंच वर राहतो, म्हणून जहाज पडद्यातून पुढं आलं की पुढच्या रांगेतल्या बायका पाय वर घ्यायच्या. मिस्त्री दर प्रयोगाला विंगेत उभा. जहाज दोऱ्यांनी बुडवायची वेळ आली की त्याचं तोंड सुरू, "सागवान बुडत नाई." एकदा माइक जवळ होता. वादळ चाललंय, नायिका रडतेय, आणि भोंग्यातून आवाज, "सागवान बुडत नाई बे!" टाळ्या पडल्या. लोकेशला वाटलं, ठेवावं का हे वाक्य?

पुढल्या जानेवारीत मुलचेऱ्याकडे प्रयोग लागला. तिकडं फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली लोकांची गावं. सकाळी एक म्हातारा आला. त्याचा बाप पलीकडे असताना नावा बांधायचा. म्हाताऱ्यानं लुंगी खोचली, जहाजाभोवती एक फेरी मारली, फळ्यांच्या फटींत अंगठा दाबून पाहिला.

"मिस्त्री, इसको पानी में डाला?"

"नाटक का है, दादू."

"पानी नहीं देखा, तो जहाज नहीं." म्हाताऱ्यानं अंगठा लुंगीला पुसला. "खटिया है."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शिवी दिली असती तर तो हसला असता, पण हे लाकडाला बोलणं होतं. त्यानं तिथल्या तिथं ट्रॅक्टर काढायला लावला आणि जहाज गावतलावात सोडलं. दहा मिनिटांत एलिझाबी पोटापर्यंत पाण्यात. म्हातारा हसून हसून काठावर बसला.

"देखा? खटिया."

कंपनीला दोन दिवस तारीख नव्हती. ते दोन्ही दिवस मिस्त्री त्या म्हाताऱ्याच्या अंगणात होता. कापसाचा पीळ करायचा, डांबर-राळेत बुडवायचा, फटीत ठोकायचा. म्हातारा शिकवायचा, मिस्त्री त्याच्यावर ओरडायचा, म्हातारा बंगालीत उलट ओरडायचा. दोघांना एकमेकांचं निम्मंही कळत नव्हतं आणि काम झकास चाललं होतं. तिसऱ्या दिवशी लोकेश बोलेरो घेऊन न्यायला आला, तर मिस्त्री म्हणाला, "अंदर बस. वजन पायजे." लोकेश डोलकाठीला मिठी मारून तलावाची एक फेरी गेला, तोंडानं मारुतिस्तोत्र म्हणत. पाण्याचा थेंब आत आला नाही. तासभर एलिझाबी तरंगली. तिच्या आयुष्यातली खरी सफर एवढीच.

"हो गया," म्हातारा म्हणाला. "अब जहाज है."

मिस्त्रीनं फक्त लोकेशला झापलं, चपला घालून आत बसला म्हणून.

पुढं नाटक उतरलं. इंग्रजांची जहाजं म्हातारी झाली की कोळसा भरायच्या कोठ्या व्हायची म्हणे. एलिझाबीचं तेच झालं. एका नाटकात ती लग्नाचा मंडप झाली, एकात हॉटेलचा काउंटर, तिला निळा रंग फासून वर 'चाय-नाश्ता' लिहिलं. एकात उलटी करून गुहा. त्या दिवशी मिस्त्री कंपनीच्या दारात उभा राहून बोलला ते अख्ख्या रस्त्यानं ऐकलं: "उलटं? तुहा बाप उलटा झोपते का बे?" मग करोना आला, नाटकं बंद झाली, आणि जहाज अंगणात ताडपत्रीखाली गेलं. हाजराच्या कोंबड्या त्यात बसायला लागल्या.

यंदा लोकांनी पुन्हा 'कुंकू' मागितलं. जानेवारीत दक्षिणेकडे एका गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेत, तारीख धरली. लोकेशनं जहाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं, मिस्त्री सोबत बसला. वाटेत जंगलाचा नाका. कुठला, ते नाव नको. वाऱ्यानं ताडपत्री उडाली होती. गार्ड मंगरू बाहेर आला, नाक्यावरचा गरीब माणूस, गोडीनं बोलणारा.

"सागवान होय का जी?"

दुसरा कोणीही म्हणाला असता, नाटकाचं सामान होय. अयूब मिस्त्रीनं बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केलं. "आयक. अव्वल सागवान. ऐंशी वर्षांचं. असं आता तुमच्या अख्ख्या जंगलात नाई."

मागून बोलेरोत बसलेल्या लोकेशनं डोळे मिटले.

"मंग परवाना? जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का?"

"राइस मिलच्या तुळईवर कुठून येते शिक्का?"

"हाये कोनाचं हे?"

"माहं!"

जहाज कंपनीचं होतं. पण तो 'माहं' असा निघाला की मंगरूनं तसाच लिहून घेतला. पंचनामा अयूब शेखच्या नावानं. मग मोजमाप. रजिस्टरात दोनच रकाने, लांबी आणि गोलाई. मंगरू टेप घेऊन फेऱ्या मारतोय. "जहाजाची गोलाई कुठून घ्याची जी?" "पोटातून घे." "पोट कुठी हाये?" शेवटी मिस्त्रीनंच टेप ओढून घेतला आणि मोजून दिलं, कारण मंगरू तिरका धरत होता. स्वतःच्या मालाची जप्ती स्वतः बरोबर मोजून देणारा माणूस त्या नाक्यानं पहिल्यांदा पाहिला.

रेंजर मॅडम साताऱ्याकडच्या, नव्या. भाषा स्वच्छ, आवाज खालचा. "हे बघा काका, सोमवारी डेपोची गाडी येणार. एवढी मोठी वस्तू गाडीत बसत नाही, तेव्हा कापून न्यावी लागेल. तोपर्यंत तुम्ही कागद आणा."

"कापून?"

"नियमाप्रमाणे."

मिस्त्रीचा चेहरा असा झाला की मंगरूनं आपोआप एक पाऊल मागं घेतलं. त्या दिवशी मंगळवार होता.

वाट एकच होती. भिंतीवर एक छापील यादी चिकटवलेली, तयार लाकडी वस्तूंची. त्यातल्या वस्तूला परवाना लागत नाही. टेबल, खुर्ची, चौकट, कपाट, देव्हारा, बैलगाडी, नांगर, पलंग. अठरा नावं. मंगरूनं बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, पलंग लिवा ना जी. चार आंगानं पलंगच दिसते. सही करा, घिऊन जा. मी काई बोलत नाई."

त्यानं भल्यासाठी सांगितलं होतं. मिस्त्रीला मात्र मुलचेऱ्याचा तलाव दिसला.

"ह्याले एकानं खाट म्हनलं होतं," तो म्हणाला. "मी त्याले पान्यावर नेऊन दाखवलं. तुले नेऊ का?"

आणि नाक्याच्या ओट्यावर चादर टाकून बसला. कागद तर मिळणारच नव्हता. मिलचा मालक मेलेला, मिल मोडलेली, तुळयांची पावती कोणी केली नव्हती. सही केली तर जहाज सुटतं आणि पलंग होतं. नाही केली तर सोमवारी करवत. मिस्त्री दोन्हीवर चिडलेला.

बुधवारी लोकेश आला. "मिस्त्री, शनिवारी तारीख हाये माही! सही होय ती, निकाह नोय!"

"निकाहात तरी खोटं चालते का?"

"पलंग म्हनल्यानं का झिजते ते?"

"तुह्या नाटकाले मी तमाशा म्हनू का? म्हनू? तवा झिजते का पाहू."

लोकेश लाल झाला. "ठीक हाये! कापड तानतो मी. थर्माकोल लावतो. पाहा लोकं टाळ्या वाजवते का नाई!" बोलेरोचं दार त्यानं असं आपटलं की आरसा लोंबकळला. पुढचा अर्धा तास मिस्त्री त्या दाराच्या बिजागरीला शिव्या देत होता.

गुरुवारी हाजरा बसनं डबा घेऊन आली. पदर डोक्यावर, आवाज सातव्या पट्टीत. "पलंग लिख देते तो क्या आसमान गिरता?"

"पलंग पे तू मुर्गियाँ बिठाती क्या?"

"एलिझाबी पे तो बिठाती थी!"

"वो उनकी मर्जी थी. मैंने लिख के नहीं दिया था."

हाजरानं डबा उघडला. "तो मत लिखो. पर खा लो. भूखे पेट चिल्लाओगे तो आवाज फटेगी, मजा नहीं आएगा."

शुक्रवारी मॅडमशी जुंपली. "काका, यादीत जहाज नाही, मी काय करू?"

"यादी कोनं बनवली?"

"शासनानं."

"मंग शासनाले कळवा, जहाज बी लाकडाचंच रायते. पेढ्याचं नाई."

शनिवारी शंकरपटातली तारीख निघून गेली. रविवारी सकाळी मॅडम नाक्यावर आल्या आणि आदेश लिहायला बसल्या. सोमवारी कापून डेपोत पाठवणे. टेबल डुगडुगत होतं. त्याच्या एका पायाखाली कागदाची जाड घडी होती, तरी डुगडुगत होतं. मॅडमचं पेन एक ओळ वर, एक ओळ खाली. मिस्त्री ओट्यावरून पाहत होता. स्वतःच्या जहाजाच्या मरणाचा कागद लिहिला जातोय हे त्यानं सहन केलं. डुगडुगणारं टेबल त्याला सहन झालं नाही.

"थांबा!"

तो आत घुसला आणि पिशवीतून रंधा काढला. मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या. "हे टेबल कोनं बनवलं? कोन होय तो? त्याचा हात दाखवा मले! तीन पाय एका मापाचे, चौथा त्याच्या बापाचा! ए मंगरू, वाक, पकडून ठेव!"

मंगरू वाकला, टेबल आडवं धरलं. मिस्त्री त्याच्या डोक्याशी रंधा उगारून उभा. त्याच क्षणी समोरून वडशाची बस गेली. बाकीचं तुम्ही टपरीवर ऐकलंच आहे.

तीन पाय घासून चौथ्याच्या मापाला आणले तेव्हा घडीची गरज उरली नाही. मंगरूनं ती फेकायला उचलली, सवयीनं उलगडून पाहिली. चार वर्षांचा चहा आणि धूळ. मग तो थांबला.

"मॅडम, हे... हे आपल्या यादीचंच दुसरं पान दिसून राह्यलं जी."

होतं. एकोणीसपासून सत्तावीसपर्यंत. सत्ताविसावं: 'इतर तयार लाकडी वस्तू. धारकाने सांगितलेले नाव नमूद करावे.'

मिस्त्रीनं ते पान हिसकावून दोनदा वाचलं. मग त्याचं तोंड सुटलं. मिस्त्री जे बोलला त्यातलं निम्मं मी हुबेहूब म्हणून दाखवू शकते, पण लिहू शकत नाही. लिहिण्यासारखं एवढंच: "सहा दिवस! सहा दिवस माहं जहाज तुमच्या टेबलाच्या पायाखाली होतं! आन् उद्या करवत लावत होते! भिंतीवर एक पान चिकटवलं, दुसरं पायाखाली घातलं, आन् मले म्हन्ते शासन!"

मॅडमच्या कानशिलांवर लाली आली. त्यांनी नवीन कागद घेतला, लिहिला, फिरवून पुढं केला. मिस्त्रीनं अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'जहाजाची शोभेची प्रतिकृती.'

"शोभेची?"

"काका, आता नाटकातलं आहे म्हटल्यावर..."

"खोडा."

"खरं जहाज तर नाही ना ते?"

मिस्त्री तोंड उघडणार, एवढ्यात मंगरू बोलला. सहा दिवसांत पहिल्यांदा मॅडमचं बोलणं खोडत. त्याच्या मामाचा इंद्रावतीवर डोंगा आहे, लहानपणी तो त्यावर वाढला. मॅडम लिहीत होत्या तेवढ्यात तो बाहेर जाऊन एलिझाबीच्या फटीत अंगठा दाबून आला होता. अंगठा काळा झालेला. त्यानं तो मॅडमपुढं धरला. "मॅडम, शोभेच्या वस्तूत डांबर कोन भरते जी? हे पान्यात जाऊन आलेलं हाये."

मॅडमनी अंगठा पाहिला. खिडकीतून जहाज पाहिलं. मग 'शोभेची प्रतिकृती'वर आडवी रेघ मारून लिहिलं, 'जहाज. सागवानी. नग एक.' ओळ सरळ आली, कारण टेबल आता हलत नव्हतं.

अयूब मिस्त्रीनं सही केली. आभार मानले नाहीत. त्या खोलीतल्या खिडकीचं दार नीट लागत नाही, हे मात्र जाता जाता सुनावलं.

शंकरपटात लोकेशचं कापडी जहाज आलं, बुडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत कोणी पाय वर घेतले का, हे मिस्त्रीनं येणाऱ्या-जाणाऱ्या चार जणांना विचारलं. "ध्यान नाई," असंच सगळे म्हणाले. नाक्यावर सहा दिवसांत आला नव्हता इतका राग त्याला त्या उत्तराचा आला. लोकेश आता काम दुसऱ्याकडे देतो. मिस्त्रीच्या भिंतीवर त्या कागदाला चौकट आहे, अर्थात सागवानी.

आणि राहिली माझी पैज. मी मिस्त्रीच्या शेजारची, गल्लीत सगळ्यांचे आवाज काढते. गुरुवारी हाजराचाची डबा घेऊन निघाली तेव्हा मी तिच्या फोनवरून मिस्त्रीला छेडलं होतं, "चाचा, रविवारच्या आत तुमी पलंगावर सही करता. लावा पैज." तिकडून आवाज आला, "हरली तं त्या जहाजावरचा निळा रंग तू खरवडशील." मी हसून हो म्हटलं. मला वाटलं होतं, माणूस कितीही तापला तरी लाकूड कापलं जाईल म्हटल्यावर नरमतो.

हरले, आता खरवडतेय. हॉटेलच्या काउंटरच्या निळ्या रंगाचे तीन हात आहेत, आणि खाली आणखी काहीतरी गुलाबी निघतंय. मिस्त्री खुर्ची टाकून समोर बसतो. आज सकाळी मी त्याचाच आवाज काढून एलिझाबीला दोन शिव्या घातल्या, तर तो उठून आला, माझ्या हातातला पॉलिशपेपर सरळ केला आणि म्हणाला, "शिवी बराबर हाये. हात तिरका हाये. पुन्हा घास."